चिरुटाची बैठक

पाश्चात्त्य देशांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक नवाच संप्रदाय उदयास आला आहे. कांहीं सधन गृहस्थ ठरल्या दिवशीं एकत्र जमतात, मऊ खुर्च्यांवर बसतात, सुवासिक लांकडाच्या पेटींतून एकेक चिरूट काढून त्याचें टोंक कातरतात, आणि तास-दीड तास सावकाश धूर घेत त्या चिरुटाच्या कुळशीलाची चर्चा करितात. आंतील पान कोणत्या शेतांतलें, तें किती वर्षें मुरविलें, वरचें वेष्टण कोणत्या देशाचें, या प्रश्नांवर तेथें जो खल चालतो तो पाहून एखाद्या नैयायिकानेंहि हात टेकावे. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथें 'सिगार अफिशिओनादो' नांवाचें नियतकालिक निघालें आणि त्याच्या आश्रयानें असे मोठमोठे मेळावे भरूं लागले. १९९९ पासून क्यूबाची राजधानी हवाना येथें चिरुटाचा आठवडाभराचा उत्सव भरत आला. त्याच्या अखेरच्या मेजवानींत चिरूट ठेवण्याच्या नक्षीदार पेट्यांचा लिलाव होतो, आणि त्या लिलांवाची एका रात्रीची रक्कम एक कोटी युरोंच्याहि वर गेलेली आहे. मुंबईच्या कांहीं बड्या हॉटेलांतून या संप्रदायाचे मठ स्थापन झाले आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्राध्यापकी पेशाच्या माणसाला या विषयाशीं काय कर्तव्य, असें वाचक विचारतील. चिरुटाची गोडी आम्हांस नाहीं, आणि या व्यसनाची भलावण करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु एकत्र बसून धूर काढणें ही जी क्रिया आहे, तिला आपल्या महाराष्ट्रांतहि चारशें वर्षांचा इतिहास आहे. त्या बैठकींत कोण बसे, कोणाला बसूं देत नसत, आणि बैठकीसाठीं पान वळणारे हात कोणाचे असत, हें पाहूं गेल्यास समाजाची घडण जशी दिसते तशी राजांच्या वंशावळींवरून दिसत नाहीं.

आम्ही हें लिहीत आहों तें कोळगांवच्या परिसरांत. पालघराहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून पालघर जिल्हा निराळा झाला, आणि २०२१ सालीं जिल्ह्याचीं मुख्य कार्यालयें कोळगांवीं नव्या इमारतींत आलीं, तेव्हांपासून याचें नांव लोकांच्या कानीं पडूं लागलें. येथून पश्चिमेस थोडें चाललें कीं समुद्र लागतो, आणि त्या किनाऱ्यावर शिरगांव, केळवें-माहीम, तारापूर असे कोट ओळीनें उभे आहेत. ही सगळी पट्टी दीड शतकाहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीआप्पांच्या फौजेनें तारापूरचा कोट घेतला, त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई सर झाली. फिरंगी गेला, पण त्याचे शब्द मागें राहिले. पाव, बटाटा, अननस, पपई, काजू हे जसे त्याचे, तसाच तंबाखू हाहि त्याचाच शब्द. अमेरिकेंत १४९२ सालीं कोलंबसाच्या दोघां माणसांनीं क्यूबा बेटावर तेथील रहिवासी पानांची गुंडाळी पेटवून धूर घेतांना पाहिले. त्यानंतर शंभर-सव्वाशें वर्षांच्या आंत तें पान पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागून घाटावर चढलेंहि होतें.

घाटावर चढलें याला उत्तम पुरावा आहे. अकबर बादशहाचा असदबेग नांवाचा एक अधिकारी विजापुरास इब्राहीम आदिलशहाच्या दरबारीं गेला होता. तेथें त्यानें तंबाखू पाहिली. हिंदुस्थानांत अशी वस्तु आपण पूर्वीं कधीं पाहिली नव्हती असें तो स्वतः लिहितो. परत जातांना त्यानें ती बरोबर घेतली, आणि बादशहाला नजर करण्यासाठीं एक अपूर्व नळी सिद्ध केली. नळी तीन हात लांब, अचीन बंदराहून आलेली, दोन्ही टोंकांस जडावाचें व मिन्याचें काम. ओठांशीं लावावयास यमनी अकीक. वर सोन्याची चिलीम. आदिलशहानें त्याला विडा ठेवण्याची एक सुरेख चंची दिली होती, तिच्यांत त्यानें तंबाखू भरली. आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांच्या कमरेची चंची आठवून वाचकांस हंसूं येईल. पण तंबाखूच्या या पहिल्या शाही नजराण्याचें पात्र तेंच होतें.

हा नजराणा १६०४-०५ च्या सुमारास आग्र्यास पोचला, तेव्हां जो प्रसंग घडला त्यासारखा मनोरंजक प्रसंग मोंगल बखरींतून थोडाच सांपडेल. बादशहानें विचारलें, हें काय? खान-इ-आझमानें सांगितलें कीं ही तंबाखू, मक्का-मदिनेंत सर्वांस ठाऊक आहे, आणि ही औषध म्हणून आणिली आहे. अकबरानें नळी तोंडाला लावली तों राजवैद्य पुढें सरसावला व ओढूं नये म्हणाला. आणणाऱ्याचें मन मोडूं नये म्हणून बादशहानें दोन-तीन झुरके घेतलेच. मग वाद जुंपला. वैद्याचें म्हणणें, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाहीं, परीक्षा केल्यावांचून परक्यांचें अनुकरण कां करावें? असदबेगाचें उत्तर, जगांतील प्रत्येक चाल केव्हांतरी नवीनच होती. आणि परीक्षा करावयाची तर आधीं वस्तु हातांत घ्यावी लागते. बादशहा असदबेगाच्या युक्तिवादावर खूष झाला. आपल्या ग्रंथांत नाहीं एवढ्यासाठीं दुसऱ्या देशांतील शहाण्यांनीं घेतलेली वस्तु टाकूं नये, असा त्यानें निर्वाळा दिला. स्वतः मात्र त्यानें ती संवय लावून घेतली नाहीं. दरबारी मंडळींनीं मात्र असदबेगाकडे मागणीचा धोशा लावला, आणि थोड्याच दिवसांत व्यापाऱ्यांनीं ती बाजारांत आणिली.

आम्हांला या कथेंत एक गोष्ट फार विलक्षण वाटते. युक्तिवाद असदबेगानें जिंकला, पण वस्तुस्थिति वैद्याच्या बाजूनें होती, हें कळावयास साडेतीनशें वर्षें लागलीं. परेलच्या टाटा रुग्णालयांत, जें १९४१ सालीं सुरू झालें, तोंडाच्या कर्करोगाचे रोगी पाहिलेल्या कोणाहि डॉक्टरास विचारावें. 'आमच्या ग्रंथांत नाहीं' हें कारण वाईट होतें. 'परीक्षा झालेली नाहीं' हें चांगलें होतें. आणि वैद्यानें दोन्ही एकत्र मांडल्यामुळें चांगलें कारणहि वाईटाबरोबर बुडालें. सुधारणेच्या वादांत आपल्याकडे हें पुढेंहि पुष्कळदां झालें आहे.

तिकडे इंग्लंडांत त्याच १६०४ सालीं पहिल्या जेम्स राजानें तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिका लिहिली आणि पौंडामागें दोन पेन्सांची जकात एकदम सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. इकडे जहांगीरानें १६१७ सालीं बंदीचें फर्मान काढलें. दोन्ही राजांचें कोणीं ऐकलें नाहीं.

महाराष्ट्रांत ही वस्तु किती लवकर खालच्या थरापर्यंत पोचली, हें शिवछत्रपतींच्या एका सुप्रसिद्ध पत्रावरून कळतें. राज्याभिषेकाच्या आगेंमागें चिपळूणच्या बाजूस घोडदळाची छावणी पडली होती. तिच्या अंमलदारांस महाराजांनीं ताकीद लिहिली. रयतेच्या भाजीच्या देंठासहि हात लावूं नये, ही त्यांतील गोष्ट शाळेंतल्या मुलांना ठाऊक आहे. परंतु त्याच पत्रांत आगीविषयीं जें लिहिलें आहे तेंहि वाचण्यासारखें आहे. कोणी भलत्या जागीं चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव घेतील, गवत पडलेलें आहे, वारा सुटलेला आहे हें ध्यानांत न घेतल्यास एकाएकीं दगा होईल, दिव्याची पेटती वात उंदीर नेईल, असा तपशील राजा स्वतः देतो. विजापूरच्या दरबारांत जी जडावाच्या नळींतून ओढली जात होती, तीच सत्तर वर्षांत कोंकणांतल्या शिलेदाराच्या संध्याकाळची गरज होऊन बसली होती.

शिलेदाराजवळ अकीक कोठला? त्याची चिलीम मातीची. आणि बैठकीचा खरा इतिहास या मातीच्या चिलमीपासून सुरू होतो. चिलमींत आंत एक खडा, त्यावर तंबाखू, वर निखारा. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची घडी, तिला छापी म्हणतात. चिलीम दोन्ही हातांच्या ओंजळींत धरून अंगठ्याजवळच्या फटीला तोंड लावावयाचें, म्हणजे ओठ चिलमीला लागत नाहींत. ही नुसती सोय नव्हे. ज्या समाजांत उष्ट्याचा एवढा विचार, त्या समाजांत दहा तोंडांत फिरणारी वस्तु चालली ती या छापीमुळें आणि ओंजळीमुळें. कुणबी, धनगर, कोळी, शिपाई, वाटेंत भेटलेला बैरागी हे ज्या पंक्तीला बसते ना त्या पंक्तीला चिलीम बसली. मात्र या औदार्याची सीमाहि तेथेंच होती. अस्पृश्य मानलेल्या माणसाकडे ती चिलीम जात नसे. उत्तरेंत जातीबाहेर टाकण्याला 'हुक्कापाणी बंद' म्हणतात तें उगीच नव्हे. कोणाबरोबर धूर घ्यावा हा प्रश्न कोणाबरोबर पाणी प्यावें याच्याच तोलाचा होता.

शास्त्रीपंडितांनीं आपली अडचण दुसऱ्या रीतीनें सोडविली. त्यांनीं तपकीर धरली. चिमटीनें घ्यावयाची, तोंडाचा संबंधच नाहीं. डबी सभेंत हातोहात फिरली तरी सोंवळ्याला बाध नाहीं. वाडेकऱ्यांची गुडगुडी ज्याची त्याला. आणि बायका? त्यांच्या वाट्याला पान चुलींत भाजून केलेली मिश्री आली, ती परसांत, एकटीनें, दांतांना लावावयाची. बैठक अशी त्यांना कधींच मिळाली नाहीं. एकच पान, पण ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणें त्याचें रूप निराळें. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनच्या चहावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत लोकमान्यांसारखे पुरुष गुंतले, त्याचें आजच्या तरुणांस नवल वाटतें. परंतु पेला कोणाचा आणि बसलों कोणाशेजारीं, हा प्रश्न चहाबरोबर उपजलेला नव्हता.

चिरूट या सगळ्यांच्या मागून आला, आणि आला तो साहेबाच्या तोंडून, जरी शब्द दक्षिणेचा आहे. तामिळांत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्याचें इंग्रजींत चेरूट झालें आणि मराठींत चिरूट. अठराव्या शतकांतील कंपनीचा साहेब नबाबी थाटानें हुक्का ओढी व त्यासाठीं हुक्काबरदार बाळगी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती चाल मागें पडली आणि चिरूट पुढें आला. कारण रुचीचें थोडें आणि राज्यपद्धतीचें अधिक असावें, असें आमचें मत आहे. हुक्क्याला नोकर लागतो, बैठक लागते, पाहुण्यापुढें नळी करावी लागते. चिरूट खिशांत मावतो, ज्याचा त्यानें ओढावयाचा असतो, दुसऱ्याला देणें लागत नाहीं. राज्यकर्ता होऊन बसलेल्या जातीला तेंच सोयीचें. त्रिचनापल्ली आणि दिंडिगल येथील चिरूट विलायतेपर्यंत इतके परिचित झाले कीं १८८७ च्या पहिल्याच कथेंत शेरलॉक होम्स खुनाच्या जागेवरील राख पाहून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची आहे हें ओळखतो. वळणारा तामिळ कामगार मात्र त्या हुषार गुप्त पोलिसाच्या दृष्टीस पडत नाहीं.

मुंबईचा भायखळा क्लब १८३३ सालचा. जेवण झाल्यावर स्त्रिया उठून जात आणि पुरुषांचे चिरूट पेटत. राज्याचीं पुष्कळशीं कामें अशा धुरांत ठरत. हिंदी मनुष्य तेथें सभासद म्हणून बसूं शकत नसे. १९१८ सालीं गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकारानें हिंदी व युरोपियन दोघांसहि खुला असा क्लब निघाला, तेव्हां आमच्या वरिष्ठ वर्गाला मोठें समाधान वाटलें. खुर्ची मिळाली एवढ्यावरच तें समाधान थांबलें. त्या खोलीच्या दाराशीं आणखी कोण उभा आहे हें पाहण्यास कोणी मागें वळला नाहीं.

आतां या धुराच्या दुसऱ्या बाजूस जावें. चिरूट ओढणाऱ्यांच्या बैठकीपेक्षां चिरूट वळणाऱ्यांची बैठक आम्हांस अधिक मोलाची वाटते, आणि तिची हकीकत मराठींत फारशी आलेली नाहीं. क्यूबांतील कारखान्यांत वळणारे कामगार लांब बांकांवर रांगेनें बसतात. हातांना काम, पण कान मोकळे. १८६५ सालीं हवानांतील एका कारखान्यांत अशी प्रथा पडली कीं एकानें उंच आसनावर बसून इतरांना वाचून दाखवावें. सकाळीं वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरींतून वर्गणी काढून देत आणि पुस्तक कोणतें घ्यावें हें मतें घेऊन ठरवीत. स्पॅनिश सरकारनें पुढच्याच वर्षीं याला बंदी केली, यावरून त्या वाचनाचें सामर्थ्य कळून येतें. बंदी टिकली नाहीं. १८९१ सालीं क्यूबन स्वातंत्र्याचा पुढारी होसे मार्ती फ्लॉरिडांतील टँपा शहरीं गेला, तो या चिरूट कामगारांपुढेंच बोलला, आणि त्यांच्या वर्गणीवर स्वातंत्र्ययुद्धाची सिद्धता झाली. १९३५ सालीं निघालेल्या एका प्रख्यात चिरुटाचें नांव 'मोंतेक्रिस्तो'. ड्यूमाची ती कादंबरी वळणाऱ्यांना ऐकावयास इतकी आवडे कीं चिरुटालाच तिचें नांव मिळालें. आजचा शौकीन तो चिरूट हजारों रुपये देऊन घेतो. नांवाचा जन्म मजुरांच्या कानांत झाला, हें त्याला ठाऊक असतेंच असें नाहीं.

आपल्याकडे चिरुटाची जागा विडीनें घेतली. टेंभुर्णीचें पान, आंत भुगा, वर दोऱ्याचा फांस. गरिबाला परवडेल असा हा चिरूट. विदर्भांतील भंडारा-गोंदियाकडच्या जंगलांतून पान यावें, निपाणीच्या काळ्या रानांतून तंबाखू यावी, आणि सिन्नर, सोलापूर अशा गांवीं विड्या वळल्या जाव्या, असा हा व्यवहार. निपाणीच्या तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ सालीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं महामार्ग अडवून धरला. गोळीबार झाला व शेतकरी मारले गेले. वळण्याचें काम बहुतांशीं बायकांचें. पान भिजवावें, पत्र्याच्या मापानें कातरावें, भुगा घालून वळावें, तोंड मिटावें, दोरा बांधावा. क्यूबांतला वाकबगार कामगार दिवसाला शंभराच्या आसपास चिरूट वळतो. आमची बाई आठशें-हजार विड्या वळते, मजुरी हजारामागें, आणि मालकाच्या माणसानें 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी नाहीं. तिला वाचून दाखविणारा कोणी ठेवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तरी कारखान्यांत एकत्र बसणें होतें, तोंपर्यंत बोलणें होतें, संघटना होती. १९६६ सालीं संसदेनें कायदा केला. त्याच्या नांवांत विडी व सिगार कामगार शेजारीं शेजारीं आहेत, एवढाच काय तो आपल्या देशांत दोघांचा पंक्तिलाभ! (पुढें तो २०२० च्या संहितेंत सामावला गेला.) कायद्याचा हेतु चांगला होता. कामाचे तास, रजा, जागेची स्वच्छता हें सारें त्यांत आलें. परंतु हीं बंधनें कारखान्याला लागू होतात हें पाहून पुष्कळ मालकांनीं काम कंत्राटदारामार्फत घरोघर वाटून टाकलें. कारखान्यांतील बैठक मोडली. पूर्वीं शंभर बायका एका छपराखालीं बसत, त्या शंभर घरांच्या उंबऱ्यांत एकेकट्या बसूं लागल्या. तंबाखूची धूळ स्वयंपाकाच्या जागेंत आली, आणि पान कातरावयास शाळेंतून आलेल्या मुली बसल्या. कायद्यानें दिलेलें दुसऱ्या हातानें कसें काढून घेतलें जातें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

धूर घेणाऱ्यांच्या बैठकींविषयींहि अलीकडे कायदा झाला आहे. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यान्वयें २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं धूम्रपानाची बंदी झाली. तीस खोल्यांची हॉटेलें व तीस आसनांचीं उपाहारगृहें यांना निराळी खोली ठेवण्याची मुभा राहिली. २०१७ च्या डिसेंबरांत मुंबईस कमला मिलच्या आवारांत आग लागून चौदा माणसें मेलीं, आणि अग्निशामक दलाच्या चौकशींत हुक्क्यासाठीं पेटविलेल्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांचें कारण पुढें आलें. वारा आणि विस्तव यांविषयींची चिपळूणची ताकीद ज्यांनीं वाचली असेल त्यांना ती बातमी वाचतांना काय वाटलें असेल! २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें हुक्क्याच्या बैठका बंद केल्या, हें योग्यच झालें. पण मोठ्या हॉटेलांतील चिरुटाची खोली त्यांत सांपडली नाहीं. धूर दोन्हीकडे घातकच. बैठकीच्या भाड्यांत मात्र फरक आहे.

हवानाच्या उत्सवाच्या बातम्या आम्ही वाचतों तेव्हां लिलांवाचे आंकडे ठळक अक्षरांत असतात. २०२२ च्या सप्टेंबरांत क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतावर वादळ आलें आणि जगांत उत्तम समजल्या जाणाऱ्या पानाचीं सुकवणीचीं कोठारें हजारोंनीं कोसळलीं, ही बातमीहि त्या वर्तुळांत पसरली, पण ती चिरूट महागणार अशा स्वरूपांत.

सोलापुरांतील विडी वळणाऱ्या बायका बऱ्याचशा तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या. कापडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हां त्यांच्या विड्यांवर घरें चाललीं. त्यांनीं नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें सहकारी संस्था काढली, वर्षानुवर्षें मोर्चे नेले, आणि शहराजवळ कुंभारी येथें दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्तें घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. वसाहतीला त्यांनीं गोदूताई परुळेकर यांचें नांव दिलें. या त्याच गोदूताई, ज्यांनीं १९४५ सालीं तलासरी, डहाणू व उंबरगांवच्या वारल्यांना एकत्र बसवून वेठीला नाहीं म्हणावयास शिकविलें. तलासरी आणि डहाणू हे तालुके आज पालघर जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांचीं जिल्ह्याचीं कामें कोळगांवींच चालतात.